घर बंद, मुदत सुरू

पाकिटाच्या दर्शनी बाजूवर प्रांत कार्यालयाचा जांभळा शिक्का आहे. खाली पत्ता: बाईंचं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा बीड. वाडीचं नाव नाही, घराची खूण नाही. मागच्या बाजूला बॉलपेनने केलेल्या नोंदी आहेत. एका तारखेखाली 'घर बंद', दुसऱ्या तारखेखाली 'घर बंद, सूचना दिली' आणि सर्वांत खाली 'मुदतीत घेतले नाही, परत'. पोचपावतीचं कार्ड पाठीला तसंच टाचलेलं, सहीची जागा कोरी. आत एका फेरफार नोंदीवरचा आदेश आहे. ज्या विधवा बाईंचं नाव या आदेशाने सातबाऱ्यावरून कमी झालं, त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला तो वकिलांनी फाइलीची पाहणी करून नक्कल काढली तेव्हा.

पाकीट गावात आलं तेव्हा बाई कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेल्या होत्या. डोंगरपट्ट्यातल्या या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पीठमीठ, लहान पोरं आणि कधी एखादी शेळी घेऊन माणसं कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, मुक्काम फडाजवळच्या कोप्यांत. गावात राहतात म्हातारी माणसं. बाईंच्या घरी सासू होती. कान गेलेले, त्यात दिवसभर शेजारी बसायला जायची. पोस्टाची सूचना तिच्या हातात पडली असेल तरी तिने ती कुठे ठेवली, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

बाईंना निकाल कळला तो जूनमध्ये. पीककर्जासाठी सातबारा काढायला गेल्या, तेव्हा तलाठ्याने उतारा पुढे केला आणि म्हणाला, "मावशी, तुमचं नाव यात नाही." अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील दाखल झालं. समोरच्या वकिलांनी पहिलाच मुद्दा घेतला: अपील मुदतबाह्य आहे. जमीन कुणाची, वारस कोण, दिराने कोणता कागद दाखवला, यातल्या एकाही प्रश्नाला अजून हात लागलेला नाही. वाद चालू आहे तो त्या पाकिटावर.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 या बाबतीत माणसाच्या बाजूची आहे. जिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने दिलेल्या आदेशावर अपिलाला 60 दिवस आणि इतर बाबतीत 90 दिवस. ही मुदत मोजायची ती अपील करणाऱ्याला आदेश मिळाला त्या तारखेपासून. नक्कल मिळवायला गेलेला वेळही त्यातून वगळायचा. कलम 250 मध्ये हे लिहिलेलं आहे. मग अडचण कुठे येते? ती 'मिळाला' कशाला म्हणायचं इथे येते, आणि त्याचं उत्तर शोधायला 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टकडे जावं लागतं. त्याच्या कलम 27 प्रमाणे पत्ता बरोबर घालून, पुरेसं टपाल हशील भरून नोंदणीकृत डाकेने पाठवलेला कागद, टपालाच्या नेहमीच्या क्रमाने ज्या दिवशी पोचायला हवा त्या दिवशी पोचला असं धरलं जातं. तसं झालं नाही हे सिद्ध करायचं तर ते ज्याला मिळाला नाही त्याने करायचं.

गृहीतकाशिवाय न्यायालयं चालणार नाहीत, हे मला मान्य आहे. दार लावून घेणारे, पोस्टमन दिसला की मागच्या दाराने निघून जाणारे, 'ते इथे राहतच नाहीत' असं स्वतःच स्वतःबद्दल सांगणारे लोक प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यापायी दावे वर्षानुवर्षं समन्सच्या टप्प्यावर अडकले असते. पण 'घेण्यास नकार' आणि 'घर बंद' हे दोन शेरे एका तराजूत घालणं मला पटत नाही. नकार देणाऱ्याला पाकिटाची माहिती असते. घर बंद असणाऱ्याला ते पाकीट या जगात आहे हेसुद्धा ठाऊक नसतं. चेक न वटल्याच्या नोटिशीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सी. सी. अलवी हाजी खटल्यात गृहीतक कायम ठेवून एक वाट मोकळी ठेवली: नोटीस मिळाली नाही असं ज्याचं म्हणणं आहे, त्याने न्यायालयाचं समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरावेत आणि तक्रार रद्द करून मागावी. फेरफाराच्या आदेशाला अशी तयार वाट नाही. तिथे विलंब माफीचा अर्ज करायचा आणि अधिकाऱ्याच्या मनाला काय पटतं याची वाट पाहायची.

या पट्ट्यात डाक वाटणाऱ्या एका डाकसेवकाशी बोलणं झालं. त्याच्याकडे तीन गावं आणि त्यांच्या वस्त्या आहेत. "रजिस्टर पत्र ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं. म्हातारीकडे दिलं आणि उद्या कुणी तक्रार केली तर मी अडकणार. दोनदा जातो, सूचना टाकतो, सात दिवस ऑफिसात ठेवतो, मग परत. कोयत्यावर गेलेत हे सगळ्या गावाला माहीत असतं, मलाही असतं. पण ते कुठल्या रकान्यात लिहू?" त्याचं म्हणणं खरं आहे. 'सहा महिने परगावी, एप्रिलमध्ये परत' असा शेरा त्या पाकिटावर असता तर गृहीतक तिथेच गळून पडलं असतं. 'घर बंद' या दोन शब्दांत ती माहिती बुडून जाते.

घरात कोण असलं म्हणजे कागद पोचला, या प्रश्नाचा आपल्या कायद्यातला इतिहास वाचताना राग येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत 1976 च्या दुरुस्तीपर्यंत प्रतिवादी घरी नसेल तर समन्स घ्यायला कुटुंबातला प्रौढ पुरुष लागायचा. त्या वर्षी 'पुरुष असो वा स्त्री' असे शब्द आले. फौजदारी कायदा मात्र जागचा हलला नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 64 प्रौढ पुरुषच मागत राहिलं, आणि ते बदललं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, जी 1 जुलै 2024 ला लागू झाली. म्हणजे ज्या घरात फक्त बायका आहेत तिथे फौजदारी न्यायालयाचं समन्स घ्यायला पात्र माणूसच नाही, अशी परिस्थिती कालपरवापर्यंत होती. बायका घर चालवत होत्या, बँकेत अंगठे-सह्या करत होत्या, सरपंच होत होत्या. कायद्याच्या लेखी मात्र त्यांच्या हातात दिलेला कागद घरात पोचत नव्हता.

दिवाणी न्यायालयात चित्र याहून वेगळं आहे आणि बहुतेक पक्षकारांना ते माहीत नसतं. तिथे निकाल टपालाने घरी येईल म्हणून वाट पाहणं हीच मोठी चूक ठरते. 1963 च्या लिमिटेशन ॲक्टप्रमाणे जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला 30 दिवस आणि उच्च न्यायालयातल्या अपिलाला 90 दिवस मिळतात, आणि ते हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजले जातात. न्यायाधीशांनी निकाल उघड्या न्यायालयात सुनावला की तो सगळ्यांना कळला असं धरतात. हाती राहतो तो कलम 12 चा आधार: निकालाचा दिवस मोजायचा नाही आणि नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ वगळायचा. त्यासाठी नकलेच्या शेवटच्या पानावरचा शिक्का बघावा लागतो. त्यात अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली या तारखा असतात. जुने वकील नक्कल हातात आली की आधी शेवटचं पान उलटतात ते यासाठी. पण अर्जच उशिरा केला, तर अर्जाआधीचे गेलेले दिवस परत मिळत नाहीत. वकिलाने कळवलं नाही, वकील आजारी पडला, पक्षकाराचा फोन नंबर बदलला, की 30 दिवस बघता बघता संपतात. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला होऊ नये असं सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात सांगितलं आहे. पुढच्या अनेक निकालांनी मात्र पक्षकाराने स्वतः जागं राहायला हवं असंही बजावलं.

घड्याळ कुठून सुरू होतं याला एकच एक नियम नाही, हीच सामान्य माणसाची खरी अडचण आहे. ग्राहक आयोगात 2019 च्या कायद्याप्रमाणे राज्य आयोगाकडे अपिलाला 45 दिवस. लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर निवाडा मिळाल्यापासून तीन महिने, वर पुरेसं कारण दाखवून फार तर 30 दिवस, आणि त्यानंतर देशातलं कुठलंही न्यायालय एक दिवससुद्धा वाढवू शकत नाही. दिवाळखोरी संहितेखालच्या अपिलाला 30 दिवस आणि जास्तीचे 15. तिथे मुदत निकाल सुनावल्यापासून धावते, मोफत प्रत मिळण्याची वाट पाहत बसता येत नाही, असा निर्णय 2021 मध्ये व्ही. नागराजन प्रकरणात झाला. एकाच माणसाचे महसूल, दिवाणी आणि ग्राहक असे तीन वाद असतील तर त्याची तीन घड्याळं तीन वेगवेगळ्या क्षणी सुरू होतात.

'मिळणं' म्हणजे काय, याचा महाराष्ट्रातलाच एक निकाल बघण्यासारखा आहे. राज्य सरकार आणि एक बांधकाम कंपनी यांच्यातला लवाद. 2003 मध्ये निवाडा झाला. कंपनीने त्याची झेरॉक्स कार्यकारी अभियंत्याकडे नेऊन दिली आणि पैसे मागितले. लवादाच्या सहीची प्रत सरकारला मिळाली ती 2004 मध्ये. सरकारने आव्हान दिलं, ते खाली मुदतबाह्य ठरलं, उच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. कायद्याने ज्याने प्रत द्यायची त्याने सहीची प्रत दिली त्या दिवसापासून मुदत सुरू होते. दुसऱ्याने आणून दिलेल्या झेरॉक्सने ती सुरू होत नाही. हा निकाल योग्यच आहे. माझा आग्रह इतकाच की, झेरॉक्स हातात असलेल्या सरकारला निवाडा 'मिळालेला नव्हता', तर म्हाताऱ्या सासूवर घर सोडून ऊस तोडायला गेलेल्या बाईला आदेश 'मिळाला' असं म्हणताना अधिकाऱ्याची लेखणी थबकायला हवी.

ती का थबकायला हवी, हे साताऱ्यात जन्मलेल्या एका न्यायमूर्तींनी फार पूर्वी लिहून ठेवलं आहे. 1961 मधलं राजा हरिश्चंद्र राज सिंह विरुद्ध डेप्युटी लँड ॲक्विझिशन ऑफिसर हे प्रकरण. उत्तर प्रदेशात एका जमिनीचं संपादन झालं. निवाडा 1951 मध्ये झाला, पण मालकाला नोटीस गेली नाही. त्याला निवाड्याचा पत्ता लागला 1953 मध्ये. 1894 च्या भूसंपादन कायद्यात निवाड्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत दाद मागा असं होतं. सरकारचं म्हणणं सरळ होतं: कागदावरची तारीख 1951 ची, सहा महिने केव्हाच उलटले. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी ते नाकारलं. त्यांची मांडणी अशी की निवाडा म्हणजे जमिनीच्या किमतीबद्दल सरकारने मालकापुढे ठेवलेला देकार आहे, आणि देकार समोरच्याला कळवल्याशिवाय पुरा होत नाही. तेव्हा निवाड्याची तारीख म्हणजे तो पक्षकाराला कळवला गेला किंवा त्याला प्रत्यक्ष वा पर्यायाने कळला ती तारीख. अधिकाऱ्याने आपल्या टेबलावर सही करून फाइल बंद केली, एवढ्याने कुणाच्या हक्काचे दिवस संपू लागत नाहीत. शब्दाला चिकटून यांत्रिक अर्थ लावू नये, असं त्यांनी त्यात स्पष्ट म्हटलं आहे. गजेंद्रगडकर पुढे 1964 मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. भूसंपादनाच्या कामात हा निकाल आजही वकिलांच्या तोंडी असतो, पण तालुक्याच्या महसुली कामकाजात तो उद्धृत झालेला मला क्वचितच आढळला.

मुदत गेल्यावर माणसाच्या हातात एकच अर्ज उरतो, विलंब माफीचा. लिमिटेशन ॲक्टचं कलम 5 किंवा महसूल संहितेचं कलम 251. पुरेसं कारण दाखवा. पुरेसं म्हणजे किती, याचं मोजमाप नाही. 1987 मध्ये अनंतनागच्या भूसंपादन अधिकाऱ्याच्या कातिजी प्रकरणात विलंब अवघा चार दिवसांचा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो माफ करताना सांगितलं की तांत्रिक मुद्दा आणि खरा न्याय समोरासमोर आले तर न्यायाला झुकतं माप द्यावं. 1998 मध्ये एन. बालकृष्णन प्रकरणात 883 दिवस माफ झाले, कारण विलंब किती यापेक्षा खुलासा पटण्याजोगा आहे का हे महत्त्वाचं मानलं गेलं. 2012 मध्ये मात्र 427 दिवसांचा विलंब नाकारला गेला, आणि तिथे अपील करणारा पक्षकार होता खुद्द टपाल खातं. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, हा खुलासा न्यायालयाने स्वीकारला नाही. आधुनिक साधनं हाताशी असताना सरकारी यंत्रणेला वेगळी सवलत नाही, असं सुनावलं. ज्यांची पत्रं वेळेत पोचली असं कायदा धरून चालतो, त्यांनाच स्वतःची मुदत पाळता आली नाही, याची नोंद ठेवायला हवी. त्यांच्याकडे विधी शाखा होती, वकील होते, टंकलेखक होते. आमच्या बाईंकडे कोयता होता.

बाईंच्या विलंब माफीच्या अर्जाला काय जोडलं आहे ते मी पाहिलं. मुकादमाचं प्रतिज्ञापत्र. कारखान्याच्या ऊस वजनाच्या पावत्या, ज्यांवर टोळीच्या म्होरक्याचं नाव आहे, बाईंचं नाही. पोराच्या शाळेचा दाखला, त्यात नोव्हेंबर ते मार्च गैरहजर अशी नोंद. वकिलांनी हा दाखला जोडून घ्यायला लावला, कारण आई गावाबाहेर होती याचा तोच एक सरकारी पुरावा निघाला. मुलाची शाळा बुडाली याचा कागद आईची जमीन वाचवायला लागावा, हे पाहून मन विषण्ण झालं. "मला कुणी सांगितलं असतं तर मी रातोरात एसटीने आले असते," बाई म्हणाल्या. "एक दिवसाची मजुरी बुडाली असती, काय ते."

घड्याळ थांबवता येतंच नाही असं नाही. करोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने 23 मार्च 2020 ला स्वतःहून आदेश काढला आणि शेवटी 10 जानेवारी 2022 च्या आदेशाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा सगळा काळ मुदतीच्या हिशोबातून वगळला, वर 90 दिवस दिले. सगळ्या देशाची दारं बंद होती, माणसाला न्यायालयापर्यंत पोचता येत नव्हतं, म्हणून हे केलं आणि उत्तम केलं. ऊसतोड कामगाराच्या आयुष्यात ही स्थिती दरवर्षी पाच-सहा महिने असते. कोकणातल्या चाकरमान्याचीही तीच गत. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आणि गाव, वारस मुंबईत लालबागला किंवा आता विरार-बदलापूरला, आणि नोटीस जाते गावच्या घराच्या पडवीत. गणपतीला गावी गेलं की ती सापडते, तोवर हरकतीची मुदत संपलेली असते. अशांच्या गळ्यात 'निष्काळजीपणा' बांधणं अन्यायाचं आहे.

साधनं बदलत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस निळ्या खुणा दिसल्या म्हणून पोचली असं मानलं. तिथे नुसतं पाकीट पोचलं एवढंच नाही, तर समोरच्याने ते उघडलंही, हे दिसत होतं. बेलिफांना एन-स्टेप नावाचं मोबाइल ॲप मिळालं आहे, ज्यात बजावणीचं ठिकाण आणि वेळ नोंदली जाते. एका बेलिफाने मला सांगितलं की पूर्वी दारावर समन्स डकवलं की पंच शोधायला लागायचे, आता फोटोही काढतात. 2025 मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्टाची वेगळी सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. पाकिटाचा प्रवास आता घरबसल्या बघता येतो, पण तो पाठवणाऱ्याला. ज्याला ते घ्यायचं आहे त्याला ते निघालं हे कळण्याची सोय जिथे मोबाइल नंबर दिलेला आहे तिथेच, आणि महसुली प्रकरणात पक्षकाराचा म्हणून लिहिलेला नंबर पुष्कळदा भाच्याचा नाहीतर मुकादमाचा असतो.

एक सुधारणा मात्र पैसा न लागता उद्या करता येईल, आणि तिचा नमुना आपल्याच कायद्यात आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 7(8) सांगतं की माहिती नाकारायची तर कारण द्या, अपील किती दिवसांत करायचं ते लिहा आणि कुणाकडे करायचं तेही लिहा. म्हणून माहितीचा अर्ज फेटाळलेल्या साध्या शेतकऱ्यालाही आपले 30 दिवस ठाऊक असतात. ज्या आदेशाने माणसाची जमीन जाते, त्याच्या शेवटी या तीन ओळी का नसाव्यात? मी पाहिलेल्या फेरफार अपिलांच्या आदेशांखाली शेवटचं वाक्य 'पक्षकारांना कळवण्यात यावे' एवढंच होतं. कुठे अपील, किती दिवस, कधीपासून, काहीच नाही. त्याच कागदावर पाठवल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख असे दोन रकाने छापले, पाकीट परत आलं तर तलाठ्यामार्फत पुन्हा पाठवलं आणि पक्षकार परगावी असल्याची नोंद घेतली, तर निम्मे विलंब माफीचे अर्ज लिहावेच लागणार नाहीत.

तोवर वकील आपल्या परीने काम करत आहेत. बाईंचे वकील आता दसऱ्याच्या आधी कोयत्याला जाणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला बोलावून घेतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6, नियम 14-अ प्रमाणे पक्षकाराने न्यायालयात आपला पत्ता नोंदवायचा असतो आणि बदलला तर कळवायचा असतो. नोंदवलेल्या पत्त्यावर झालेली बजावणी पक्की धरली जाते. म्हणून ते पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, देतात, त्यात कारखान्याचं नाव, गट, मुकादमाचा फोन आणि गावात कागद घेऊ शकेल अशा एका माणसाचं नाव लिहितात. महसुली प्रकरणात साध्या कागदावर तसाच अर्ज तहसील आणि प्रांत कार्यालयाच्या आवक शाखेत देतात, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतात. ती प्रत ते पक्षकाराकडे ठेवत नाहीत, स्वतःच्या कपाटात ठेवतात. कोप्यांत ती पावसाने नाहीतर चुलीने जाते, असा त्यांचा अनुभव आहे.